ठोंब्याने अंथरूण सोडलं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? मी ठीक. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासतो आणि संध्याकाळी घरी येतो, ते फक्त ठोंब्यासाठी.

त्याच्याचसाठी हे पत्र. ठोंब्याने अंथरूण सोडलंय. आपल्या गादीभोवती दोन फेऱ्या मारतो, हुंगतो आणि दाराशी गार फरशीवर जाऊन पडतो. उठताना कण्हतो. परवा मी पट्ट्याला धरून गादीवर न्यायला गेलो, तर माझ्यावर गुरगुरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याला ऊब मिळावी म्हणून गादीवर दोन घोंगड्या घातल्या, वर माझा जुना कोटही घातला. पण ढुंकून बघत नाही.

शेजारचा शिंपी म्हणतो, वेळ जवळ आली की कुत्रं आपली जागा सोडतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वय झालंय, कंबर गेलीय, फार हाल होत असतील तर झोपेतच मोकळं करता येईल. मी पंधरा तारखेचा शनिवार ठरवलाय. तू एकदा हो म्हण, म्हणजे माझा हात कापणार नाही.

लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त हवा आहे.

तुझा धाकटा

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण हो म्हणण्याआधी एक विचारते. जायला निघालेला अंथरूण धरतो, असं आपण म्हणतो ना? तुझ्या ठोंब्याने तर सोडलंय. मग त्याच्याकडे नंतर बघ, आधी अंथरुणाकडे बघ.

मी काही शिकलेली बाई नव्हे. पण तुझ्या भावजींबरोबर जन्मभर खुर्च्या-गाद्या भरल्या, तेवढं कळतं. खोळ तू धुतोस, म्हणून गादी वरून शहाणी दिसत असेल. घोंगड्या काढ आणि तळवा दाबून बघ. हाताला फरशी लागली तर आत काही उरलेलं नाही. उलटी करून खालचं अंगही बघ. आणि अरे, वरून थर कसले चढवतोस? वर मऊ, खाली पोकळ, त्यात म्हातारा पाय रुततो आणि उठायला जोर सापडत नाही. माया करायला गेलास आणि त्याचा चिखल केलास.

खरं तर तूच झोप त्या गादीवर. दार लाव, म्हणजे कोणी हसणार नाही.

जरा टणक, बसक्या काठाची गादी करून घे. त्याने तो तरुण होईल, असं मी म्हणत नाही. तिच्यावरही टेकला नाही, तर तुझा शनिवार तुझा. मी हात धरणार नाही.

जेवत जा वेळेवर. माया तीच, रागावले म्हणून कमी समजू नकोस.

ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

दार लावून झोपलो. कंबरेखाली थेट फरशी, बरगड्यांखाली गोळा. कूस बदलता येईना. उठताना टेबलाचा पाय धरावा लागला आणि मीही कण्हलो. ठोंब्या समोर उभा राहून बघत होता. गादी उलटली तर खालून ओल धरून काळी पडलेली. जगाला नीट दिसावं म्हणून काचा घासणारा मी, रोज तिला ओलांडून जात होतो.

कोपऱ्यावरच्या सोफेवाल्याकडून नवी भरून घेतली. पहिल्या दिवशी ठोंब्याने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी पुढचे पाय ठेवून उभा राहिला, जणू कोणाच्या घरात आलाय. काल दुपारी आडवा झाला आणि घोरला.

डॉक्टर घरी येऊन कंबर तपासून गेले. दुखणं आहेच, म्हणाले, पण गोळ्यांनी हलकं होईल. शनिवार रद्द केला. मात्र उन्हाळा काढेल असं समजू नका, हेही म्हणाले.

तुझ्या रागावर जगणारा,
धाकटा

२० एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

ठोंब्या मंगळवारी गेला.

दोन महिने चांगले गेले, ताई. चारही पाय ताणून कुशीवर झोपायचा, अगदी पिल्लू होता तसा. मग खाणं सुटलं, आणि गोळ्यांनीही कण्हणं थांबेना. सोमवारी रात्रभर जवळ बसलो आणि सकाळी डॉक्टरांना बोलावलं. तुला विचारलं नाही. तुझ्या होकाराची वाट बघत त्याला आणखी ठेवावंसं वाटलं नाही. त्याला उचलावं लागलं नाही, धरावंही लागलं नाही. आपल्या गादीवर होता. डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझा हात कापला नाही.

शिंपी म्हणतो, गादी आता उचला, सारखी नजरेला पडते. तू मात्र काही सांगू नकोस. ती कधी उचलायची, ते माझं मला कळेल.

तुझ्या मायेला कायमचा धरून असलेला,
धाकटा