दोन मिनिटं शांतता

दि. ४, सोमवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी आई आणि मी बाबांच्या बाइंडिंगखान्यात गेलो होतो. त्यांचं कपाट रिकामं केलं. डबा, ॲप्रन आणि चपलांचा जुना जोड पिशवीत घातला आणि परत आलो. दुपारी मी कॉलेजला गेले नाही. आता आई इस्त्री करते आहे आणि मी हे लिहिते आहे.

फोनवर मी ‘हं’च्या पुढे जात नाही, त्यापेक्षा पत्र लिही, असं तू म्हणालीस. म्हणून लिहिते.

मॅनेजरसाहेबांनी आम्हाला बसवून घेतलं. बाबांच्या जागी आईला कामावर घ्यायचा विचार आहे, असं ते म्हणाले. मी ते आईला हातांनी सांगितलं, तशी ती खुर्चीत एकदम ताठ बसली. बाबा गेल्यापासून तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. शनिवारी तिथेच शोकसभा आहे. बहिऱ्या कामगारांतर्फे मिशीकाका बोलणार, आणि ते हातांनी बोलतील ते मी सगळ्यांना तोंडाने सांगायचं. (मिशीकाका तुला आठवत असतील. मिशी पिळायची खूण हेच त्यांचं नाव. मिशी काढून कितीतरी वर्षं झाली, नाव तेच राहिलं.) निघताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. मुली, थोडक्यात आटप, म्हणाले. चार चांगले शब्द सांग, नाहीतरी ते हातवारे इथे कोणाला कळणार आहेत?

त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. पण मिशीकाकांनी आपण काय बोलणार ते मला बाइंडिंगखान्याच्या दारातच सांगून टाकलं आहे. ते भिंतीवरच्या कागदाबद्दल बोलणार आहेत. कामाच्या वेळी हातवारे करू नयेत, असा तो कागद आहे. ऐकू येणारी माणसं छापील कागदांच्या घड्या जुळवता जुळवता दिवसभर गप्पा मारतात. बाबांच्या टेबलावरच्यांना बोलायचं तर हातातली घडी खाली ठेवावी लागते. तेवढं काम थांबतं, असं साहेबांचं म्हणणं. मग शिंकणाऱ्याचंही थांबतं, असं बाबांचं म्हणणं. यावरून त्यांना समजही मिळाली होती. घरी आल्यावर बाबा जेवायचं सोडून बोलत का बसायचे, ते मला फार उशिरा कळलं.

कॉलेजात सरांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निबंध दिला आहे. ग्रंथालयातून पुस्तकं आणली. त्यांत सगळीकडे एक बोलणारा असतो आणि एक त्याला बोलू न देणारा. दोघांच्या मधे उभं राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवणारं कोणी नाही. शनिवारी मी तिथे उभी असणार. काकांचं सगळं जसंच्या तसं सांगितलं तर आईची जागा जाईल. गोड करून सांगितलं तर कोणाला पत्ताही लागणार नाही. मला या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते.

सवड झाली की चार ओळी पाठव. रागावलीस तरी चालेल.

तुझी,
घुमी


दि. ६, बुधवार

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक हलका धपाटा.

एवढं लांब पत्र तुझं! ह्यांनी पाकीट उलटंसुलटं करून अक्षर तुझंच आहे ना ते पाहिलं. अगं, जन्मभराचं बोलणं एकदम संपवू नकोस, थोडं शिल्लक ठेव.

दादा जाऊन इतके दिवस झाले, तरी रस्त्यात काही गंमत दिसली की माझे हात आपोआप वर येतात, त्याला सांगायला. लोक बघतात. बघू देत.

कोणाला पत्ता लागणार नाही म्हणतेस? लहानपणी दादाबरोबर दुकानात मी जायची. तो हातांनी सांगणार, मी तोंडाने. लोकांना वाटायचं, हा बहिणीच्या तोंडाकडे बघतोय. छे! तो दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायचा. आपण रागावून बोललो आणि समोरचा हसतोय, असं दिसलं की तो जागचा हलायचा नाही. पुन्हा सांग, म्हणायचा. चेहरे त्या माणसाला वाचता यायचे, आणि वहिनी त्याच्याही वरचढ आहे.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. शहाणपण शिकवायला माझं काय जातंय? मला थोडंच तिथे कामावर जायचंय? जायचं आहे वहिनीला. तुझ्या पत्रात ती इस्त्री करते, ताठ बसते, पण एक शब्दही बोलत नाही. तिला विचारलंस का गं?

जेवत जा वेळेवर. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, आणि तो मात्र जसाच्या तसा.

तुझी,
आत्या


दि. १०, रविवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी विचारलं. आईने माझं सगळं बोलणं बघून घेतलं. मग ती म्हणाली, हात मिशीचे, आवाज तुझा, मग मधे साखर घालायला तुला कोणी सांगितलं? तुझ्या जागेचं काय, असं मी म्हणाले. ते माझं मी बघते, म्हणाली.

काल सभा झाली. टेबलं भिंतीला सरकवली होती. मशीन बंद असल्यामुळे तो हॉल मला ओळखूच येईना. बाबांचा फोटो एका खुर्चीवर ठेवला होता. साहेब बोलले, चांगलं बोलले. मग दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू या, म्हणाले. मी ते हातांनी सांगितलं आणि मान खाली घातली. डोळे मिटणार, तेवढ्यात समोर काहीतरी हललं.

आत्या, हे नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे. साहेब, सुपरवायझर, मशीनवाले, सगळे डोळे मिटून उभे होते. आणि बाबांच्या टेबलावरची माणसं बोलत होती. सगळी, एकाच वेळी. कोणी सांगत होतं की बाबा खळीचा ब्रश कानावर अडकवायचे आणि मग सगळीकडे शोधत फिरायचे. कोणी त्यांची चाल करून दाखवत होतं. पलीकडच्या भिंतीजवळून एक बाई उत्तर देत होत्या, मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रांगांवरून. एक जण हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. हे सगळं त्या कागदाखाली चाललं होतं. आवाज म्हणशील तर फक्त कपड्यांच्या सळसळीचा. इतक्या माणसांच्या हातांत एकदम बाबा आलेले मी कधी पाहिले नव्हते. आपण हललो तर हे थांबेल असं वाटून मी श्वासही जपून घेत होते. मग साहेब खाकरले, सगळ्यांनी डोळे उघडले आणि सगळे हात खाली गेले.

शांतता पाळायची हे कळलं होतं ना, असं मी नंतर काकांना विचारलं. कळलं होतं, म्हणाले. आम्ही शांत बसायचं म्हणजे हात खाली ठेवायचे, ते आम्ही इथे रोजच करतो. तुझ्या बापासाठी काही वेगळं करायला नको?

मग ते पुढे आले. दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’ म्हणायचं असतं, हे तूच मला शिकवलंस. काकांनी कागदाकडे बोट दाखवलं आणि मी बोलू लागले. शेवटच्या दिवशी माझ्या मित्राने मला काहीतरी सांगायला हात वर केला. सुपरवायझर बघत होते. त्याने हात खाली घेतला. त्याच रात्री तो गेला. त्याला काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही.

आत्या, हे मला दारात सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांबरोबर मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, माझ्याच तोंडून. आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती समोरचे चेहरे बघत होती, एक झाला की दुसरा. तू लिहिलंस तसंच.

मग ती उठली. तिचं बोलणं ठरलेलं नव्हतं. माझा नवरा इथे चांगलं काम करायचा, असं मी माझ्याच वडिलांबद्दल भर सभेत म्हणाले. मला त्याच्या जागी यायचं आहे. पण काम करताना मी बोलणार. हे आत्ताच सांगते, म्हणजे मागून वाद नको. घ्यायचं तर असं घ्या.

साहेबांनी बाबांच्या फोटोकडे पाहिलं. मग मला म्हणाले, आईला सांग, विचार करून कळवतो. आईने टेबलावर थाप मारली आणि स्वतःकडे बोट केलं. साहेब तिच्याकडे वळले आणि तेच पुन्हा तिला म्हणाले, सावकाश, ओठ नीट हलवून.

अजून काही कळवलेलं नाही. आई आज दुपारी शांत झोपली. मला झोप येत नाही. मी काय बघितलं, तेच मनात येत राहतं.

लोभ आहेच. यापुढे तो मीही थोडा बोलून दाखवीन.

तुझी,
घुमी


दि. २५, सोमवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आई आज कामावर गेली, हा तिचा दुसरा आठवडा. तो कागद काढला. नवा लावला आहे, जरा तिरकाच. मशीनवर असताना हात मशीनकडेच, टेबलावर बोलायला हरकत नाही, असा. पहिल्या दिवशी आई इतकी बोलली म्हणे, की शेवटी मिशीकाकाच वैतागले. बाई, घड्या उलट्या लागताहेत, जरा इकडे बघ, असं तिला म्हणाले.

बाबांना त्या दिवशी काय सांगायचं होतं, ते अजून मधेच मनात येतं. कदाचित ब्रश कुठे आहे एवढंच विचारायचं असेल. ते कळायचा मार्ग नाही.

निबंध दिला. त्या दोन मिनिटांबद्दलच लिहिला. दुसऱ्याला बोलायला मिळावं म्हणून आपण आधी डोळे उघडे ठेवायला हवेत, एवढंच मला सुचलं. सरांनी तो वर्गात वाचायला सांगितला. ‘मी’ म्हणजे मीच, असं चार लोकांत बोलायची मला सवय नव्हती. वाचला.

तुम्ही दोघं प्रकृतीला जपा. इकडे यायचं मनावर घे, आई तुला बघायला अधीर झाली आहे.

तुझी,
घुमी

ता. क. पाकीट बंद करता करता आठवलं की आमच्या बेलचा बल्ब गेलाय. बाहेर बटण दाबलं की आईला कळावं म्हणून स्वयंपाकघरात पेटतो, तो. आत्ता स्टुलावर चढून नवा बसवला. तपासायचा कसा, ते कळेना. बटण बाहेर, बल्ब आत आणि घरात मी एकटी. शेवटी दार सताड उघडं टाकलं, बाहेर उभं राहून एका हाताने बटण दाबून धरलं आणि मान लांब करून आत डोकावले. पेटला होता.