सुपाचा चंद्र

रविवार, संध्याकाळ

त्या चंद्राची दोरी अजून डोळ्यांपुढे आहे. चक्क चुना फासलेलं सूप होतं ते! दोरी लपवायची तसदीसुद्धा घेतली नव्हती.

पूर्णगडच्या काही मित्रांनी पदरच्या पैशांनी केलेला मूकपट आज शाळेच्या हॉलमध्ये होता. सासऱ्यांना घेऊन गेले. खुर्चीत बसल्यावर कळलं, आप्पा कानातलं मशीन घरीच विसरलेत. अशी चिडले मी! आणि मग पडद्यावर कोणी बोललंच नाही. नुसती पेटी, आणि मधूनमधून अक्षरांच्या पाट्या.

गोष्ट काय, तर पोस्टमनच्या मागे माणसाएवढे खेकडे लागतात, पत्रं खातात आणि ज्याचं पत्र खाल्लं त्याच्यासारखे रडतात. असं का? कोण जाणे. पुठ्ठ्याखाली माणसांचे पाय दिसत होते, तरी मलाही रडू आलंच.

आप्पा प्रत्येक पाटी खणखणीत वाचत होते. आपला आवाज त्यांना कुठे कळतो! मी त्यांचा हात दाबला, तर पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "वाचू दे गो त्यांना, मी चष्मा आणलेला नाय."

घरी टीव्ही बघताना आप्पा आधी आमच्या तोंडाकडे बघतात, मग हसतात. आज चंद्राच्या त्या दोरीला खेकडा लोंबकळला आणि हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी आप्पा हसले. मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

चंद्र खाली कसा आला, ते घरी येताना मला त्यांनाच खुणेनं विचारावं लागलं.