आठ मिनिटं आधीच्या चिठ्ठ्या

हार्लन फेरी, ओहायो
सोमवार सकाळ

प्रिय लोवेल,

नाताळच्या फोनवर तू सगळ्यांची चौकशी केलीस, अगदी कुत्र्याच्या दुखऱ्या पायाचीसुद्धा. बाबांची तेवढी केली नाहीस. म्हणून तू न विचारताच सांगते. बाबा चौऱ्याऐंशीचे झाले, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत आहे. काल सुपर बोल होता, आपल्या फुटबॉलचा वर्षातला सगळ्यांत मोठा अंतिम सामना. चुलीवर राजमा-खिम्याचं मोठं पातेलं रटरटत होतं, आणि सामन्याची आठ मिनिटं उरली तशी बाबांनी आपली तपकिरी टोपी घरभर फिरवली. "चला, सर्वोत्तम खेळाडू कोण, चिठ्ठ्या टाका. उशीर करील त्याचं मत बाद!" माझा नवरा गस दर वर्षी चिडवतो तसं म्हणाला, "म्हातारबुवा, आठ मिनिटांत जग बदलतं." बाबा म्हणाले, "विजेत्याच्या मानाच्या पाटीवर नाव कोरायला आठ मिनिटं लागतात. जगाला म्हणावं, थांब."

मग त्यांचं नेहमीचं पुराण सुरू झालं. सुरुवातीच्या काळात एका मासिकाचे संपादक हा खेळाडू निवडायचे आणि त्याला मोटार मिळायची. एकाहत्तर साली हरलेल्या संघातल्या गड्याला मान मिळाला, तसं पुन्हा कधी झालं नाही. अठ्ठ्याहत्तरला तो दोघांत वाटून दिला, तेही एकदाच. आणि पुढच्या रांगेत उभं राहून, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी धक्के खाणाऱ्याला? "अजून एकदाही नाही," असं म्हणून बाबा दर वर्षी आपली चिठ्ठी घडी करून टोपीत टाकतात. त्यांची चिठ्ठी उघडली की कोरी निघते. मुलं हसतात. मला हसू येत नाही.

नव्वद सालचा आपल्या शाळेचा अंतिम सामना आठवतोय ना? नोव्हेंबरचा गारठा, सगळं गाव मैदानावर. माणसं कमी म्हणून तू चढाईतही खेळत होतास आणि बचावातही. आपला क्वार्टरबॅक रस्टी, त्याच्यासाठी वाट मोकळी करायची, मग लगेच वळून समोरच्यांना अडवायचं. वर पत्रकारांच्या खोलीत पाच जण सर्वोत्तम खेळाडूसाठी मत देणार होते आणि त्यांत बाबा सगळ्यांत जुने पत्रकार. सामन्याची आठ मिनिटं उरली असताना चिठ्ठ्या गोळा करायला त्यांनी मला टोपी दिली. मी तेव्हा चौदा वर्षांची. त्या आठ मिनिटांत पुढे काय झालं ते गाव अजून सांगतं. रस्टीच्या हातून चेंडू निसटला, तू तो उचललास आणि तुझ्या त्या अवजड चालीने थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेलास. आपण जिंकलो. लोक तुझ्या नावाने ओरडत होते आणि पाटी मिळाली रस्टीला. तीन विरुद्ध दोन.

बाकीच्या चौघांनी आपापलं मत तुला सांगून टाकलं, दोन तुला, दोन त्याला. म्हणजे पाचवं बाबांचं. जेवताना तू विचारलंस, "बाबा, तुम्ही कुणाचं नाव लिहिलंत?" बटाटे वाढून घेत ते म्हणाले, "मत गुप्त असतं, पोरा." आईने विषय बदलला. जूनमध्ये तू पार पश्चिम किनाऱ्यावर, टकोमाच्या गोदीत कामाला गेलास. आईच्या मातीला आलास तेव्हाही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीस.

लोवेल, बाबांची चिठ्ठी कोरी होती. पोटच्या पोराला मत देणं त्यांना बरोबर वाटलं नसणार, आणि दुसऱ्याला द्यायला मन धजलं नसणार. तशीच राहिली असती, तर दोन-दोन होऊन पाटीवर तुझंही नाव आलं असतं. जिन्यावर मी चिठ्ठ्या उघडून पाहिल्या. मला वाटलं, घाईत लिहायचं विसरले. मीच पेन्सिलीने रस्टीचं नाव लिहिलं. त्याने त्या आठवड्यात शाळेच्या बसमध्ये मला खिडकीची जागा दिली होती. बस, एवढंच कारण. मतं मोजताना ती चिठ्ठी हातात आल्यावर बाबांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नाव वाचून टाकलं. काल सगळे झोपायला गेल्यावर, बत्तीस वर्षांनी, मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "तुझं अक्षर मला ओळखता येत नाही होय? तू चौदाची, तो अठराचा. वाटलं, तो सोसेल. सोसलं, पण लांब जाऊन. तिथे चुकलो मी." त्या दिवशी माझ्यावरचा धक्का त्यांनी अंगावर घेतला, तू दर शनिवारी रस्टीसाठी घ्यायचास तसा. आता तो माझा मला घेऊ दे. रागवायचं तर माझ्यावर रागाव, पण इथे येऊन रागाव. कालची त्यांची चिठ्ठी सोबत पाठवते आहे. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं आहे. मी दिवा मालवायला गेले, तेव्हा त्यांनी ती टोपीतून परत मागून घेतली, पेन्सिल मागितली आणि नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आहे, पण ते त्यांचंच आहे, आणि नाव तुझं.

तुझीच चिठ्ठ्या गोळा करणारी,
नदीन