मोटारखान्यातला बांध

भूम, १६ एप्रिल १९५९

मोटारखाना मिळाला! आमचा थोरला, करीमभाई, सोलापुरात आइस्क्रीमचं काम शिकून आला तेव्हापासून जागा शोधत होता. वकीलसाहेबांनी मोटार विकली, तेव्हापासून त्यांच्या घरामागची ती खोली रिकामीच. आख्ख्या गल्लीत सिमेंटची फरशी तेवढीच.

वकीलसाहेब (पुढं व.सा. लिहीन, पूर्ण लिहिताना हात थांबतो) म्हणाले, "शर्ती दोनच. मिठाचं पाणी फरशीत मुरू द्यायचं नाही. मागच्या आडात थेंब जाऊ द्यायचा नाही. मोडली, तर त्याच दिवशी कुलूप." कागद मी लिहिला. अब्बांचा अंगठा, करीमभाईचा अंगठा. व.सा. म्हणाले, "आता लिहिणारीची सही." केली. शाळेबाहेरची माझी पहिली सही. घरातलीही पहिलीच.

परत येताना अब्बा: "अंगूठा तो कोई भी लगाता बेटा. दस्तखत तेरी है, तो जबान भी तेरीच."

आल्या आल्या आडाचं पाणी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून ठेवलं. बुचावर मेण. आज पाणी गोड आहे, याला काही पुरावा नको? करीमभाई हसला. हसू दे.

१८ एप्रिल

फरशी घासली. मग एक घागर मुद्दाम ओतून बघितली. सगळं पाणी शिस्तीत मागच्या भिंतीकडं! मोटार धुवायची म्हणून उतार तिकडंच दिलेला, आणि भिंतीला मोरी. मोरीपासून आड अकरा पावलं. दोनदा मोजली. दहा घरं त्या आडाचं पाणी पितात.

करीमभाई: "मोरी में बोरा ठूंस दे. खतम."

"गोणपाटातून पाणी झिरपतं."

"इत्ता डरती कायकू गे? पढ के यहीच सीखी?"

डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात शेजारच्या गयामावशी घागर घेऊन आल्या. त्यांचं रान गावाबाहेर आहे. फरशी बघून म्हणाल्या, "रजे, रडायलीस काय? उताराला आडवा बांध घालायचा. रान काय न् फरशी काय, पानी सारखंच पळतंय."

हे मला का सुचलं नाही.

२० एप्रिल

बांध झाला! मागच्या भिंतीच्या दोन हात अलीकडं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वीतभर उंच. मावशींच्या रानातली काळी माती, शेण, थोडी राख. त्या तुडवत होत्या, मी थापत होते. "पानी हितं आडतंय. मंग तू बसून उपसायचं न् पिंपात टाकायचं. भेग पडली की लिंपायचं. बांधाकडं पाठ करायची न्हाय, ध्यानात ठिव."

करीमभाईच्या समाधानासाठी मोरीत बोराही कोंबला.

घागर ओतली. पाणी आलं, बांधाला टेकलं आणि थांबलं. मी टाळ्या वाजवल्या. मावशीपण वाजवायला लागल्या, हात शेणाचे.

२३ एप्रिल

बाजार. पहिला दिवस. कुठून लिहू?

बार्शीच्या गाडीच्या टपावरून बर्फाची लादी उतरली. भुशात लोळवलेली, वर गोणपाट, खालून धार. करीमभाई डोक्यावर घेऊन पळत सुटला, मागं अर्धा बाजार.

बर्फ फोडायचा, एक थर बर्फ, एक थर जाडं मीठ, मधे दुधाचा डबा, आणि संच्याचा दांडा फिरवायचा. मिठानं बर्फ आणखी गार होतो हे शास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. खरं वाटलं नव्हतं. आज बघितलं. डब्याच्या झाकणावर पांढरं पीठ धरलं. नखानं खरवडलं तर हिम! एप्रिलच्या उन्हात, भूममध्ये! चित्रातल्या डोंगरावर असतं तेच.

एका म्हाताऱ्या बाबांनी पहिला घास घेतला आणि तोंड उघडंच ठेवलं. "आरं, पोळलं की!" त्यांचा नातलग म्हणाला, "बाबा, गार हाय त्ये." "गार आसंल, पन पोळलं." मग त्यांनी आणखी एक मागितलं.

मी दिवसभर बांधापाशी. उपस, पिंपात ओत, फरशी पूस. बोटं सुरकुतली, भेगांत मीठ चावतं. पण बांधापलीकडं फरशी कोरडी ठक्क. थेंबसुद्धा नाही!

२४ एप्रिल

दोन पिंपं खारं पाणी. ओतू कुठं? रस्त्यावर ओतलं तर गुरं चाटत बसतील. मावशी म्हणाल्या, "माझ्या रानात नगं गं बाई, खारवटली तर कुसळ उगवायचं न्हाय." नाल्यात टाकलं तर खाली कुणाचा तरी झरा असेलच.

अब्बांच्या भंगारात मोटारीचं जुनं बॉनेट आहे. उलटं केलं की परात. करीमभाईकडून माळवदावर चढवून घेतलं, त्यात मावेल तेवढं पाणी ओतलं, आटलं की पुढचं. अम्मी खालून: "अब छत पे मोटर चलाती क्या?"

२६ एप्रिल

मीठ परत आलं!! बॉनेटच्या तळाला सगळीकडं खडे, उन्हात चमकणारे. थोडे तांबूस, गंजामुळं. खायला नको, संच्याला चालेल. म्हणजे ओतायचं काहीच नाही. पाणी उन्हाला, मीठ आपल्याला. अब्बांना ओंजळीत दाखवलं. ते म्हणाले, "मोटर का काम मैं चालीस बरस किया. बॉनेट से नमक निकलते आज देखा."

इतका आनंद झाला की जेवण गेलं नाही.

३० एप्रिल

दुसरा बाजार, त्यात लग्नाच्या वऱ्हाडाची मागणी. दोन लाद्या. करीमभाईचे हात दांड्यावरून निघेनात.

लिहायचं आहे, लिहवत नाही.

दुपारी बाहेरून हाक आली, "रझिया, अगं ए रझिया!" शाळेतल्या माझ्या मैत्रिणी, चौघी. एकीचं लग्न झालेलं, मूल कडेवर. त्यांना खाताना बघायचं होतं. म्हटलं, एवढं बघून येते. मग करीमभाईनं माझ्या हातातही आइस्क्रीमचं पान ठेवलं. मी अजून खाल्लंच नव्हतं! खाल्लं. दातांतून कपाळात कळ गेली, आणि आम्ही पाचही जणी एकदम कपाळ धरून हसत सुटलो. मूल पण हसलं.

आत गेले तेव्हा पाणी बांधावरून वाहत होतं. बोरा काळा, ओला. मोरीच्या बाहेरच्या तोंडाशी जमीन भेगाळलेली, आणि भेगा ओल्या.

कोणी बघितलं नाही.

२ मे

आडाचं पाणी चाखलं. बाटलीतलं चाखलं. परत आडाचं. दोन दिवस तोंडात सारखं मीठच आहे, काही कळत नाही.

४ मे

मावशी घागर काढता काढता: "पानी मचूळ लागायलंय गं." माझा हात दोरावर थांबला. त्याच पुढं म्हणाल्या, "उन्हाळ्यात हुतंच म्हना."

होतंच. दरवर्षी होतं. मीही म्हणाले, "व्हय मावशी." आणि घरी येऊन पाटीवर सही करून बघितली. तीच सही. वेगळी यायला हवी होती असं उगीच वाटलं.

५ मे

सांगितलं. आधी अब्बांना. त्यांनी टोपी घातली आणि निघाले, मी मागं. करीमभाई दारापर्यंत आला: "रज्जो, किन्ने देखा क्या? नै ना? फिर?" त्याचा आवाज रडवेला. त्याचीही चूक नाही. कुलूप लागलं तर तो परत सोलापूरला, दुसऱ्याच्या दुकानात भांडी घासायला.

व.सा. नी सगळं ऐकलं. विचारलं, "कोणी पाहिलं?"

"नाही."

"मग सांगायला का आलात?" मला 'आलात' म्हणाले.

"सही माझी आहे."

बाटली पुढं ठेवली. त्यांनी आतून दोन पेले मागवले. एकात बाटलीतलं, एकात आडाचं ताजं. "कोणतं कशातलं, सांगू नका." दोन्ही प्याले, सावकाश, डोळे मिटून. मग कागद काढला, चष्मा लावून परत वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"बाजारच्या दिवशी मोटारखान्यात येतो. तिथंच सांगतो."

काय ते कळलं नाही. अब्बांना पण नाही. पण घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. आश्चर्य आहे.

६ मे

मावशींनाही सांगितलं. भडकल्या. "धा घरं पितात त्या आडावर! पाठ करू नगं म्हनलं हुतं का न्हाय?" हुतं. त्या घागर न भरताच गेल्या.

आडातून पन्नास घागरी उपसून लांब ओतल्या, मी आणि करीमभाईनं. तळाला नवा झरा दिसतो. चाखायचं धाडस नाही.

७ मे

सकाळ. मावशी दारात, डोक्यावर काळ्या मातीची पाटी. तोंड अजून फुगलेलं. "वीतभर कुठं पुरतंय? हातभर कर." आणि पदर खोचून तुडवायलाच लागल्या. "आडाचं काय लागतंय त्ये मी रोज चाखीन न् तुला रोज सांगीन. सोडायची न्हाय तुला." मला रडू आणि हसू एकदमच.

नवा बांध ओला आहे. त्यावर माझी पाचही बोटं उमटली आहेत, पुसायची राहिली.

आत्ता व.सा. च्या घरून गडी आला. हातात त्यांची वेताची खुर्ची. "साहेब म्हणाले, आत मांडून ठेवा, येतायत." करीमभाई खुर्चीकडं बघतो, माझ्याकडं बघतो. बसून खायला खुर्ची लागते. बसून कुलूप लावून घ्यायलाही लागते.

बार्शीच्या गाडीचा भोंगा वाजला. करीमभाई पळाला.

खुर्ची पुसली, आणि बांधाच्या कोरड्या बाजूला ठेवली. थेंब आला तर आधी त्यांच्याच पायाला लागेल.