गुरुवारचं पाणी

परळ, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

आंब्याचा मोहोर टिकलाय का, असं आईने आधी विचारायला सांगितलंय. तुमच्या पायाचं प्लास्टर कधी काढणार ते नंतर. बघा तुमचा नंबर कितवा लागतो ते. तुम्ही कानाचं यंत्र ट्रंकेत घालून बसलात, फोनवर सगळ्याला "हां हां" करता, म्हणून ही चिठ्ठी रात्रीच्या लक्झरी बसवर असणाऱ्या लहूकाकांकडे देतेय.

आईचं डायलिसिस आज झालं नाही. तिचं मशीन बिघडलं होतं, आता एकदम गुरुवारी. पाय सुजलेत, जिन्यात दोनदा बसते. पण डाळीत मीठ नाही म्हणून माझ्याशी भांडायला दम आहे.

मला घोर वेगळाच लागलाय. आईच्या डायलिसिस सेंटरच्या पाण्याचं काम मी बघते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण काम काय ते कधी नीट सांगितलं नाही. मशीनमध्ये रक्त एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला, मधे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा. नळाच्या पाण्यात जंतू मारायला जे औषध असतं, ते पोटात गेलं तर काही होत नाही. पण इथे ते रक्तात उतरतं आणि रक्त फोडतं. म्हणून पाणी आधी कोळशाच्या टाकीतून जातं. कोळसा ते औषध धरून ठेवतो.

तो कोळसा आता संपत आलाय. मॅनेजर हितेंद्रसाहेबांना मी दिवाळीपासून सांगतेय, ते म्हणतात ट्रस्टची मंजुरी येऊ दे. त्यात आपल्या रस्त्यावरची मोठी लाईन फुटून दुरुस्त झाली, त्यामुळे पाण्यात औषध वाढवलंय. घरच्या नळालासुद्धा वास येतोय. उद्या परत जाऊन भांडणार आहे. आईची खुर्ची माझ्या कामामुळे सवलतीत मिळालीय, तेवढ्यासाठी इतके दिवस जीभ चावून होते.

पाय जपा. रागावलात तरी कागदावर रागवा, म्हणजे मला ऐकू येईल.

तुमची,
अक्षदा

*

गाव, ४ फेब्रुवारी

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी लहूने सकाळी दिली. मोहोर झकास आहे असं आईला सांग. तुडतुड्याची कीड पडलीय ते सांगू नकोस. यंत्र कानात शिट्टी मारतं म्हणून ट्रंकेत आहे. एवढी प्लंबर झालीस तर त्याची गळती काढ आधी.

बाय माझे, मॅनेजरशी भांडू नकोस. तुझी जीभ थेट माझ्या आईवर गेलीय, तिने भांडून अख्खी वाडी तोडली होती. मी गिरगावापासून वडाळ्यापर्यंत जन्मभर नळ जोडले. "पाणी बंद होतंय, भरून घ्या" अशी प्रत्येक मजल्यावर हाक दिल्याशिवाय कधी व्हॉल्वला हात लावला नाही. पाणी पोचवायचं हे आपलं काम. बंद करणारा प्लंबर कोणालाच नको असतो. कोळशाचं साहेबांना लिहून दे, पोच घे आणि गप्प राहा.

ती खुर्ची गेली तर आईला कुठे बसवशील? दुसरीकडचे दर तुला माहीत, मला माहीत. मी इथे खाटेवर पाय टांगून पडलोय, मला नुसतं छप्पर दिसतं आणि नको ते विचार येतात. गुरुवार पार पडू दे. मग काय तो तंटा कर.

माया आहे म्हणून दटावतो, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
बाबा

*

परळ, ६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
अक्षदाचा शि. सा. नमस्कार.

आईला ॲडमिट केलंय एवढं शेजारच्या सुमेधावहिनींनी गावी फोन करून कळवलं असेल. का केलंय ते मलाच सांगायचं होतं.

सेंटरमध्ये रुग्णांच्या पहिल्या पाळीआधी मी पाणी तपासते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, पुडी टाकायची. रंग आला नाही तर पाणी ठीक. आज गुलाबी झालं. पुडी जास्त पडली असेल म्हणून परत केलं. आणखी गडद झालं.

हितेंद्रसाहेबांना बोलावून दाखवलं. बाबा, ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. कोळसा उद्या नक्की येतोय, आजचा दिवस काढू, एका दिवसाने काही होत नाही, आणि बंद ठेवलं तर ही माणसं जातील कुठे, असं म्हणाले. तेही खोटं नव्हतं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. आई खिडकीजवळ, धापा टाकत, हात पुढे करून बसलेली. रुचा सिस्टर सुई घेऊन तिच्याच शेजारी उभी.

मी तुमच्यासारखी हाक दिली, पाणी बंद होतंय. पुढचं "भरून घ्या" म्हणता येईना. व्हॉल्व बंद केला आणि त्याचं हँडल काढून माझ्या पिशवीत टाकलं.

मग जे झालं ते लिहवत नाही. लालबागच्या गंगुबाई डायलिसिसला येतात तेव्हा दर वेळी मला चिक्की देतात, त्यांनी मला तळतळाट दिला. कोणीतरी पिशवी ओढली. आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्या माझा चेडू न्हय." मी तिची मुलगीच नाही म्हणे. मॅनेजरने तिथेच सांगितलं की माझं काम संपलं आणि आईची सवलतही.

रुचा सिस्टर आणि मी फोन करत बसलो. भायखळ्याला दोन, दादरला तीन, अशा खुर्च्या मिळत गेल्या. मी आधी बाकीच्यांना पाठवलं. माझ्यामुळे अडले होते ना ते. आई शेवटी उरली आणि तिच्यासाठी कुठेच खुर्ची राहिली नाही. आता सरकारी हॉस्पिटलात आहोत. ऑक्सिजन लावलाय, मशीन रिकामं व्हायची वाट बघतोय. छातीत पाणी भरलंय म्हणतात. मी जवळ गेले की ती तोंड फिरवते. चिठ्ठी घ्यायला लहूकाका खाली उभे आहेत.

मी बरोबर केलं का हो, बाबा? मला खूप भीती वाटतेय.

अक्षदा

*

गाव, ७ फेब्रुवारी

अक्षदा,

आशीर्वाद लिहायला आज हात उठत नाही. आई मशीनवर गेली एवढं सुमेधाने इथे शेजारी फोन करून सांगितलं, तेव्हा कुठे घोटभर चहा प्यायलो. बाकी काही कळत नाही, आणि पायामुळे निघताही येत नाही.

तुला सांगितलं होतं, गप्प राहा. साहेब स्वतः एक दिवस मागत होता. बरं, बंद केलंस ते केलंस, पण परक्यांना गाडीत बसवून जन्मदात्या आईला शेवटी ठेवलीस? हे कुठल्या हिशेबात बसतं? तिला काही झालं तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. माझं नाव लावून नळाचा धंदा करतेस तेही बंद कर.

राजाराम

*

परळ, ९ फेब्रुवारी

अक्षदाच्या बाबांस,
लक्ष्मीचा नमस्कार.

आहे मी. काल घरी आले. अक्षर वेडंवाकडं आहे, सुया टोचून हात सुजलाय. आणि तुडतुडा पडलाय हे मला माहीत आहे, लहू बोलला.

गुरुवारी दिवेलागणीला माझा नंबर लागला. तोवर पोरगी बाकाच्या टोकाला बसून पिशवीतून ती गुलाबी पाण्याची नळी काढून बघायची, परत ठेवायची. मी तोंड फिरवून होते. सकाळी मी जे बोलले ते तुम्हाला तिने कळवलंच असेल. तेव्हा मला श्वास हवा होता, दुसरं काही दिसत नव्हतं.

मग तिथली सिस्टर सुई घेऊन आली आणि मी हात मागे घेतला. म्हटलं, आधी माझ्या चेडवाक पाणी बघांदे. मला मोठं शहाणपण सुचलं असं समजू नका. भीती वाटली हो. तिने बघितल्याशिवाय कुठल्याच पाण्याला हात द्यावासा वाटेना. सिस्टर म्हणाली आमचा माणूस तपासतो, मी म्हटलं तपासू दे, माझी पण तपासेल. मला इतकी धाप लागलेली, तरी सगळे थांबले. पोरीने पुडी टाकली. पाणी होतं तसंच राहिलं. मग मी हात दिला.

सेंटरचा कोळसा शुक्रवारी आला, तिथे आता सगळं सुरळीत आहे. हिचं काम गेलं ते गेलंच. मला यापुढे सरकारी रांगेत बसावं लागणार, बसेन. त्या दिवशी पाणी सोडलं असतं तर काय झालं असतं हे आता कोणालाच कळणार नाही. लोक म्हणतात काही झालं नसतं. म्हणून तर ती रडते. आणि बाकीच्यांना आधी पाठवलं त्याचं म्हणाल, तर मी तिच्या जागी असते तर मला हे जमलं नसतं. तुम्हालाही नाही.

तुमचं पत्र लहूने काल माझ्या हातात दिलं. ती शिवाजी पार्कला कोणाचा गिझर बसवायला गेली होती. मी वाचलं. फाडून मोरीत टाकणार होते, पण तुंबली असती तर तिलाच काढायला लागलं असतं. म्हणून गॅसवर धरलं.

बाबांचं पत्र आलं का, असं ती सारखी विचारते. मी सांगते, नाही आलं. लहू उद्या रात्री तिथून परत निघेल, त्याच्याकडे नवं पत्र द्या. आशीर्वाद वर मोठ्या अक्षरात लिहा. माझी चौकशी खाली करा, आधी तिची करा.

तुमची वाट बघणारी,
लक्ष्मी