रेफरीने थांबवलेल्या लढती

मंगळ., ४ फेब्रु.
आज जे कळलं ते सुनेला सांगायचं की नाही, ठरत नाही. माझा निखिल जहाजावर. फोनवर हा विषय काढण्यात अर्थ नाही. म्हणून लिहिते आहे.

तृप्तीला येत्या रविवारी पुण्यात बॉक्सिंगची पहिली व्यावसायिक लढत मिळाली आहे. आयोजकांना तिचा रेकॉर्ड आवडला: जिंकलेली प्रत्येक लढत नॉकआउट. समोरची मुलगी जुनी, मुरलेली.

संध्याकाळी क्लबात डबा द्यायला गेले, तर तिचे कोच सहज बोलून गेले, "मॅडम, आपल्याकडे मुलीच्या नाकातून रक्त आलं की रेफरी लढत थांबवतो. नाहीतर आईबाप पुढच्या वर्षी पाठवत नाहीत. कागदावर ते नॉकआउटमध्येच धरतात."

म्हणजे आडवं कोणी पडलेलंच नाही. आणि ही त्या भरवशावर हनुवटी उघडी टाकून अंगावर जाणार.

बुध., ५ फेब्रु.
मेथी निवडताना सांगून टाकलं. आडून बोलणं मला जमत नाही.
"म्हणजे माझ्यात जोर नाय?" चिडली की माहेरची, देवळ्याची बोली येते.
"असं म्हटलं नाही. कळायला मार्ग नाही, एवढंच."
"तुम्ही फिजिक्स शिकवलंय ना? मोजा मग!"
जेवली नाही. ताट झाकून ठेवलं. झोपण्याआधी बघते तर

गुरु., ६ फेब्रु.
काल अर्धवट राहिलं. ताट रिकामं होतं. घासलेलंही. दिवसभर नुसतं "हो आई", "नाही आई".

शुक्र., ७ फेब्रु.
सकाळी ठोसे झेलायचं पॅड घेऊन समोर उभी. "धरा."
उजव्या हातात चढवलं. पहिला ठोसा अगदीच मिळमिळीत.
"भाकरी थापतेस का?"
दुसऱ्यानंतर एकदम छताचा पंखा दिसला. दिवाण मागे होता म्हणून बरं.
तृ. रडकुंडीला. "आई! लागलं का हो?" माझा अंबाडा सावरते आहे!
"नाही."
जरा वेळाने, "मग... जोर आहे ना?"
"बासष्ट वर्षांच्या बाईला पाडलंस. हेही नॉकआउटमध्ये धर."
मग हसायला लागली, मलाही आवरेना. शेजारच्या बाई दारात येऊन बघून गेल्या.
हसू ओसरल्यावर हळूच, "जाऊ ना?"
"जा. पण ती पडणार असं धरून मारू नकोस. उभीच राहणार असं धरून मार. आणि हनुवटी झाक."
मान हलवली. पोर कधी एवढं ऐकत नाही.

शनि., ८ फेब्रु.
सकाळच्या बसला सोडलं. भर स्टँडवर पाया पडली. घरी एकदा झालं होतं, तरी.
बरोबर दिलं ते: दशम्या, शेंगदाण्याची चटणी (लढतीआधीचं वजन झाल्यावरच उघडायची), किलोभर द्राक्षं, धुतलेला टॉवेल, हाताच्या पट्ट्या. पट्ट्या डाव्या हाताने गुंडाळल्या, सैल झाल्या आहेत. उजवं मनगट कालपासून वळत नाही.
हे तिला सांगितलं नाही.