पडलेला माल तू पास केला

पंकज,

दरवेळी ‘चि.’ लिहून सुरू करायची सवय. आजही हात तिकडंच गेला, मग थांबला. गेलेल्या पोट्ट्याले चिरंजीव कसं लिहू? म्हणून नुसतं नाव. चौथी शिकलेल्या आजीचं पत्र आहे, चुका काढत बसू नको.

लिहून राहिली, कारण तुझ्या बायकोनं बॅग भरली आहे. उद्या सकाळच्या गाडीनं गोंदियाले जाते म्हणते, माहेरी, कायमची. आणि तिले घालवून राहिली तुझी आई. तोंडानं ‘जा’ म्हटलं नाही. पण रोज भाजी फोडणीले टाकता टाकता म्हणते, "त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं असतं, तर माझा पोरगा आज जेवायले असता." कोणाले म्हणते, भिंतीले? शेजारी शुभांगी पोळ्या लाटत असते ना!

त्या संध्याकाळी कामावरून येताना तेलीबांध्याच्या वळणावर कुत्रा आडवा आला, तू गाडीवरून पडला. कोपर सोललं, शर्ट फाटला. अन् घरात आला तो हसत! शुभांगीनं चप्पलही घातली होती. "चला, डॉक्टरले दाखवून येऊ." तू काय म्हटलं? "कुछ नहीं हुआ यार, चाय बना." मी ऐकलं, तुझ्या आईनंही ऐकलं. चहा प्याला, वरणभात खाल्ला, झोपला. सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या आत रक्त साचलं होतं, बाहेरून दिसत नाही.

बाहेरून दिसत नाही! हे तुले कोणी सांगावं लागते काय रे?

विमानं दुरुस्त करतात तिथं तुझं कामच ते होतं. आलेला माल अन् त्याचे कागद तपासायचे, ठीक असले तर आत, नाही तर परत. नट, तेलाचे डबे, रबराच्या रिंगा. रिंग नवीकोरी दिसली तरी मुदत सरली की बाद. मी म्हणत होती, "विमानवाल्यांचा भाजीबाजार आहे तुझा, वांगी दाबून पाहतोस." त्यावर तू म्हणे, "आजी, मी तुझ्याकडूनच शिकलो." मस्का लावायले पक्का होता.

ते बेअरिंग आठवते? माल उतरवताना, तो पुरवणाऱ्या शेठच्या माणसाच्या हातून फरशीवर पडलं. तू बाद मालाचा लाल टॅग लावून बाजूले ठेवलं. मग तो शेठ तिकडं उरला गावाहून मिठाईचा डबा घेऊन घरी आला, माझ्यासमोर बसला. "दादी, समझाओ पोते को. खरोंच तक नहीं आई."

तू म्हटलं, "भैया, गिरा तो है न? अंदर क्या हुआ, आँख से नहीं दिखता."

"अरे, मैं बोल रहा हूँ ना, बढ़िया है!"

"आप तो बोलोगे ही. माल आपका है."

त्याची मिठाईही परत दिली. मले एक तुकडा चाखू दिला नाही, मेल्या! तो गेल्यावर मी म्हटलं, "मी तर कितीकदा पडली, मलेही लाल टॅग लाव." तू म्हणे, "आजी, तेरे तो कागज ही नहीं हैं, तू गेट के अंदर ही नहीं आएगी." किती हसलो होतो आपण. शुभांगीले तर ठसका लागला.

मग स्वतः पडला तेव्हा तो टॅग कुठं ठेवला होता? माल तूच, अन् शिक्का मारणाराही तूच! शेठले सांगितलं, देणाऱ्याच्या शब्दावर माल घेत नसतात. बायकोले मात्र आपल्या शब्दावर बसवलं. तिनं तर तपासायले नेतेच म्हटलं होतं. तिचं काय चुकलं, सांग ना?

आज दुपारी तुझ्या आईले समोर बसवलं. म्हटलं, "सूनबाई, तो तुझ्यासमोरूनच आत गेला ना? तू आई आहे. तू काहून नाही नेलं?"

वाईट बोलली मी. तिचं तोंड पांढरं पडलं. म्हणाली, "मले वाटलं, तो म्हणते तर ठीकच असन."

"हव. अन् तिले काय वेगळं वाटलं?"

रडली मग. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आतापर्यंत नुसती बोलतच होती. शुभांगी दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली नाही, तुझी आई उठून तिच्याकडं गेली नाही. हे काही सिनेमातलं घर नाही.

संध्याकाळी तुझ्या आईनं एवढंच विचारलं, "उद्या गाडीत खायले काय देऊ?"

शुभांगी म्हणाली, "काही नको."

मी ओरडलीच, "काही नको, काही नाही झालं, हे या घरात आता कोणाचं ऐकायचं नाही! थालीपीठ बांध!"

बॅग अजून भरलेलीच आहे. जाते का राहते, ते तिचं ती ठरवन. मी अडवणार नाही. पण माझा शब्द घे. गेली तर पोरगी माहेरी जाते तशी जाईन, गुन्हेगार म्हणून नाही. तुझी आई तिले स्टेशनवर पोचवायले येईन. नाही आली तर बॅग मी उचलीन, गुडघे गेले खड्ड्यात.

आणि घरचं माणूस असं गेलं की राग कुठंतरी ठेवावाच लागते. तो मी तुझ्यावर ठेवते, पुरा. तुले आता त्याचं काय ओझं? तिले अजून सारं आयुष्य काढायचं आहे.

तुझ्यावर रागावलेली,
आजी